सोन्याची लाली

चर्चच्या रंगीत खिडकीतील तांबडा रंग सोन्याचा असतो, असे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. मुलांना ते आवडे आणि आम्हालाही. पुढे या काचांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा आमची चूक ध्यानी आली. मध्ययुगीन युरोपातील चर्चच्या खिडक्यांचा तांबडा रंग बहुतांशी तांब्याचा आहे. तो इतका गडद, की जाड काच काळीच दिसे. म्हणून कारागीर साध्या काचेवर तांबड्या काचेचा पातळ थर चढवीत.

सोन्याने काच तांबडी होते, हे मात्र खरे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ४ थ्या शतकातील एक रोमन पेला आहे. समोरून उजेड पडला की तो हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की तांबडा. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे सुमारे ७० नॅनोमीटरचे कण आहेत. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. १७ व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत योहान कुंकेल यांनीही सोन्याची तांबडी काच घडविली. कृती हाती होती, कारण ठाऊक नव्हते.

त्या कारणाचा शोध मायकल फॅरडे यांनी घेतला. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून विज्ञानाकडे वळला होता. १८५६ साली त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून माणकासारखा तांबडा द्रव मिळविला. त्यातून प्रकाशाचा झोत सोडताच झोताची वाट उजळली. मीठ विरघळलेल्या स्वच्छ पाण्यात तसे होत नाही. यावरून सोने विरघळलेले नसून कणरूपाने तरंगत आहे, असे त्यांनी ताडले आणि ५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे ते मांडले. ते कण त्यांना दिसले नव्हते. दिसण्याजोगे साधनच तेव्हा नव्हते. १९०८ साली गुस्टाव मी यांनी त्या रंगाचे गणित सिद्ध केले. आज आपण जाणतो की, अशा कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ हेलकावतात, हिरवा प्रकाश शोषतात आणि तांबडा पलीकडे जाऊ देतात. कणाचे आकारमान व घडण पालटली की रंगही पालटतो.

फॅरडे यांच्या त्या द्रवाच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अद्याप जपलेल्या आहेत. आम्ही मात्र यंदा वर्गात खिडकीकडे बोट दाखवून मुलांना सांगितले, "बाळांनो, हे तांबे. आम्ही चुकलो होतो." मग त्यांना सोन्याची ही हकिकत सांगितली. तीही त्यांना तितकीच आवडली.