कलपाचे मोल

‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,’ असे म्हणून वडीलधारी माणसे आपल्या अनुभवाचा अधिकार सांगतात. पिकलेल्या केसांना आपल्या भाषेने असा मान दिला आहे. तथापि हा मान मनापासून हवा असणारी माणसे कोणत्याही काळी थोडीच असावीत. केस काळे करण्याची विद्या फार जुनी आहे, आणि तिच्यापायी मनुष्याने कधी वेळ, कधी पैसा, तर कधी दुसऱ्याचे श्रम खर्ची घातले आहेत.

सहाव्या शतकात अवंती देशी होऊन गेलेला ज्योतिषी वराहमिहिर याच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात ग्रहताऱ्यांबरोबरच सुगंधी द्रव्यांचेही एक प्रकरण आहे. डोक्यावरचे केस पांढरे असतील तर माळा, अत्तरे, वस्त्रे आणि अलंकार शोभत नाहीत, अशी त्याची समजूत. म्हणून प्रथम कलपाची कृती. कोद्रव, म्हणजे आपले हरीक, लोखंडी भांड्यात लोहचूर्णासह शिरक्यासारख्या आंबट द्रवात शिजवावे, वाटून डोक्यास लावावे व ओल्या पानांनी झाकून दोन प्रहर थांबावे. मग ते धुऊन आवळ्याचा लेप द्यावा आणि पुन्हा दोन प्रहर तसेच बसावे. शेवटी लोखंडाचा व आंबटाचा वास घालविण्यासाठी सुगंधी तेले वापरावीत, हे सांगण्यासही तो विसरत नाही.

ही कृती भाबडी नव्हे. आंबट द्रवात लोखंडाचा अंश विरघळतो आणि आवळ्यातील तुरट द्रव्याशी त्याचा संयोग झाला म्हणजे काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा आणि हिराकस यांच्या साह्याने कापड काळे करणारे रंगारी याच तत्त्वावर काम करीत. आजही कित्येक घरांतून मेंदी लोखंडी कढईत आवळकाठीबरोबर रात्रभर भिजत घालतात, त्यामागेही हेच रसायन आहे. साहित्य स्वस्त, परंतु चार प्रहर डोके बांधून बसणे ज्याला परवडेल त्याचाच हा कलप. कष्टकऱ्याला एवढी फुरसत कोठून असणार?

दुसरी परंपरा मेंदीची. प्राचीन मिसर देशापासून इराणपर्यंत तिचा वापर चालत आला. मेंदीच्या पानातील रंगद्रव्य केसांतील प्रथिनाशी बांधले जाते आणि केस तांबूस-केशरी होतात. एकट्या मेंदीने केस काळे होत नाहीत. त्यासाठी मेंदीवर निळीच्या वाळल्या पाल्याचा लेप द्यावा लागतो. पाला भिजला की त्यातील द्रव्यापासून हवेच्या संसर्गाने निळा रंग तयार होतो, आणि तांबड्यावर निळा चढून केस काळेभोर दिसतात. इराणात या जोडीचा प्रघात मोठा होता. हैदराबादेकडील मराठी मंडळींना परिचित असलेला ‘खिजाब’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेनेच आपल्याकडे आला.

येथे निळीचे नाव आले की किमतीचा दुसरा अर्थ पुढे येतो. केसांसाठी लागणारी नीळ अल्पच. खरी मागणी कापडाची होती. त्या मागणीपायी बंगालमध्ये युरोपीय मळेवाले रयतेला आगाऊ रक्कम देऊन बांधून घेत आणि भाताच्या जमिनीत नीळ पेरावयास लावीत. १८५९-६० साली रयतेने पेरणीस नकार दिला व तो उठाव इतिहासात नोंदला गेला. बिहारातील चंपारणात विघ्यातील वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याची सक्ती होती. तिलाच ‘तीनकठिया’ म्हणत.

पुढे जर्मनीत रसायनशाळेत नीळ तयार झाली व १८९७ साली ती बाजारात आली. नैसर्गिक निळीचा भाव कोसळला. आता रयत सुटली असे कोणास वाटेल. पण तसे झाले नाही. सक्तीतून मोकळे करण्याच्या मोबदल्यात मळेवाल्यांनी सारा वाढविला किंवा रोख रक्कम मागितली. नीळ महाग होती तेव्हा तिचा भार रयतेवर पडला, आणि ती स्वस्त झाली तेव्हाही तो रयतेवरच पडला. १९१७ साली गांधीजी चंपारणात गेले, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपुष्टात आली.

केसांच्या रंगातही रसायनशास्त्राने अशीच क्रांती घडविली. पॅराफेनिलिनडायमाइन या द्रव्याच्या आधारे अर्ध्या-पाऊण तासात केस काळे करता येऊ लागले. १९०७ च्या सुमारास युजीन शुएलर या तरुण फ्रेंच रसायनज्ञाने पॅरिसच्या केशकर्तनकारांना आपला रंग विकण्यास आरंभ केला. १९०९ साली त्याने स्थापिलेल्या कंपनीच्या नावातच ‘निरुपद्रवी’ हा शब्द होता! शंका तेव्हाही होती, हे त्यावरूनच उमगते. आज हे द्रव्य काही माणसांच्या त्वचेला तीव्र बाधा करते हे सिद्ध झाले आहे. म्हणूनच रंग लावण्यापूर्वी थोडासा लावून दोन दिवस वाट पाहावी, असे वैद्यकशास्त्र सांगते.

या भीतीनेच नैसर्गिक कलपाला पुन्हा भाव आला आहे. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजत येथील मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कमी पावसाच्या मुलखात तग धरणारे ते झुडूप वर्षानुवर्षे पाला देते. परंतु भाव आला की भेसळही येते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत तेच रासायनिक द्रव्य मिसळलेले आढळले आहे. शुद्ध मेंदी कधीच काळी नसते आणि काही मिनिटांत रंगत नाही, एवढे ध्यानी ठेवले तरी ग्राहक पुष्कळसा वाचेल.

किंमत आणि मोल हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण कलपाचा इतिहास त्यांतील अंतर दाखवितो. किंमत पुडीवर छापलेली असते. मोल मात्र पाला कापणाऱ्याच्या मजुरीत, शेतकऱ्याच्या स्वातंत्र्यात आणि लावणाऱ्याच्या प्रकृतीत दडलेले असते. नैसर्गिक म्हणून वस्तू आपोआप निर्मळ ठरत नाही, हे चंपारणच्या निळीने शिकविले; स्वस्त म्हणून ती फुकट पडत नाही, हे रसायनाने शिकविले. पुडी हाती घेणाऱ्याने तिच्यावरील घटकांची नावे वाचावीत आणि ती पिकविणाऱ्याच्या हाती काय पडले, हेही विचारावे. केस काळे करावेत की पांढरेच राहू द्यावेत, हा ज्याचा त्याचा प्रश्न. उन्हाने न पिकलेल्या केसांकडून एवढ्या विवेकाची अपेक्षा मात्र रास्त आहे.