जंजिरा: हबशांचं बेट आणि भुताची हवेली

आमच्या लहानपणी शिराळ्यात टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर पिक्चर बघायची पद्धत होती. पोरं वर्गणी काढायची, अंगणात सतरंजी पडायची, एका रात्रीत तीन पिक्चर. अशाच एका रात्री ‘पुराना मंदिर’ बघितला. रामसे बंधूंचा १९८४चा भयपट. त्यातला सामरी आणि त्याच्याइतकीच ती अंधारी हवेली पुढे कित्येक महिने डोक्यात होती. रात्री परसात जायचं म्हटलं तरी अम्मी कंदील घेऊन सोबत यायची.

ती हवेली मुरुडला आहे आणि जंजिऱ्याच्या नवाबाचा तो राजवाडा आहे, हे मला चाळिशीत कळलं. जंजिरा बघायचा होताच. आता आणखी एक कारण मिळालं. गेल्या हिवाळ्यात कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला घेऊन निघालो. पेठ नाक्यावरून कराड, पुढे कोयनेवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. चिपळूण सोडलं की परशुरामाचा घाट लागतो. तिथे गाडी थांबवली, कारण जंजिऱ्याच्या इतिहासाचं एक टोक इथे आहे.

१७२७मध्ये सिद्दी सातने हे परशुरामाचं देवस्थान लुटलं. ब्रह्मेंद्रस्वामी दुखावले, कोकण सोडून आमच्या साताऱ्याकडच्या धावडशीला येऊन राहिले. पेशवे आणि शाहू महाराज त्यांना गुरुस्थानी मानत. पुढे मराठ्यांनी सिद्दीवर मोहीम काढली आणि १७३६मध्ये रेवसजवळ चिमाजी आप्पाने सिद्दी सातला लढाईत मारलं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण याच देवस्थानाला पेढे आणि आंबडस ही गावं इनाम दिली होती तीही जंजिऱ्याच्या सिद्दीनेच. देणाराही सिद्दी, लुटणाराही सिद्दी. भाचा म्हणाला, “मामू, मग पुस्तकात एकच का येतं?” मी गाडी सुरू केली.

माणगाव, म्हसळा करत दिघीला पोचलो. तिथून फेरीबोटीत गाडी चढवली की पलीकडे आगरदांडा, आणि मग राजपुरी. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या बेटाकडे जातात. कोळी नावाडी शीड असं वळवतात की किल्ला आधी नुसता काळा दगड दिसतो. दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मधोमध तो उघडतो. पायरीशी होडी हेलकावे खात असताना नेम धरून उतरावं लागतं. या दाराशी शत्रूची होडी कशी टिकणार, हे तिथे उतरल्याशिवाय समजत नाही.

दरवाज्याजवळ एक शिल्प आहे. वाघासारखं जनावर, चारी पंज्यांत हत्ती, तोंडात एक, शेपटीत एक. गाइड ते दाखवून म्हणाला, “साडेतीनशे वर्षं कुणाच्या बापाला हा किल्ला घेता आला नाही.” होडीतल्या पुण्याकडच्या एका गृहस्थांना ते रुचलं नाही. ते पुटपुटले, “महाराजांना अजून दहा वर्षं मिळाली असती तर दाखवलं असतं.” मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. भाच्याने दाढी राखली आहे. गृहस्थ काही बोलले नाहीत, नजर मात्र बोलली: हे तुमचं. अशा वेळी काय करायचं हे आम्हा मराठी मुसलमानांना कुणी शिकवत नाही. अभिमानाने मान वर करायची, की शरमेने खाली घालायची? सिद्दी आमचे कोण?

जझिरा म्हणजे अरबीत बेट. त्याचाच झाला जंजिरा. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, राम पाटील त्यांचा नायक. तो निजामशाहीने घेतला आणि १५६७ ते १५७१ या काळात बुऱ्हाणखानाने दगडी तट उभा केला. सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेली माणसं. त्यांतले कित्येक गुलाम म्हणून विकले गेले आणि दख्खनच्या सुलतानांच्या पदरी सरदार झाले. मलिक अंबर त्यांतलाच. जंजिऱ्यावर सतराव्या शतकात त्यांनी आपला जम बसवला, तेव्हा बापामागून मुलगा असा नियम नव्हता. सरदारांत जो वरचढ तो मुख्य व्हायचा.

१६७०च्या सुमारास इथला मुख्य होता फत्तेखान. शिवाजी महाराजांच्या सततच्या वेढ्याला कंटाळून तो बेट महाराजांच्या हवाली करायला निघाला होता. त्याच्याच हाताखालच्या संबूल, कासिम आणि खैरियत या तिघांनी त्याला कैद केलं आणि मोगलांशी संधान बांधलं. म्हणजे किल्ल्याच्या आतच दोन मतं होती आणि दोन्हीकडे मुसलमान होते. पुढे त्या तिघांतला संबूल सिद्दी कासिमशी बिनसल्यावर मराठ्यांकडे आला. त्याचा पुतण्या सिद्दी मिस्री मराठ्यांच्या आरमारातून कासिमविरुद्ध लढताना मेला. १६७९मध्ये खांदेरीच्या पाण्यात महाराजांचं आरमार इंग्रजांशी आणि मग सिद्दीशी झुंजलं, तेव्हा त्या आरमाराचा सरदार होता दौलतखान. गाइडच्या गोष्टीत दौलतखान नव्हता. त्या गृहस्थांच्या रागात तर नव्हताच.

तटावरून वायव्येला समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी तो बांधला. त्याला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून १६७५मध्ये महाराजांनी आपल्याच सुभेदाराला लिहिलेलं खरमरीत पत्र प्रसिद्ध आहे. लाय पाटील नावाच्या कोळ्याने याच तटाला रात्री शिड्या लावण्याचं धाडस केलं होतं. आणि १६८२मध्ये संभाजी महाराजांनी तर दगड, लाकूड टाकून खाडीच भरून काढायला घेतली. मोगल फौज रायगडाच्या रोखाने उतरली आणि काम टाकून त्यांना परतावं लागलं. तटावर उभं राहून ते मधलं पाणी बघितलं की छाती दडपते. आम्ही शिराळ्याचे. १६८९मध्ये संभाजी महाराजांना कैद करून नेताना आमच्या भुईकोटापाशी त्यांना सोडवायचा प्रयत्न झाला, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ती गोष्ट मला आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या चाचांनी सांगितली होती आणि सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. त्या भरावाच्या जागेकडे बघताना मी कुणाच्या बाजूने होतो, हे मला वेगळं ठरवावं लागलं नाही.

तरीही राजपुरीजवळच्या खोकरीला गेलोच. तिथे तीन जुने घुमट आहेत. सुरूलखानाचा मोठा, आणि शेजारी सिद्दी कासिम व खैरियतखान यांचे. ज्या कासिमने महाराजांना बेट मिळू दिलं नाही, ज्याने मोगलांसाठी मुंबईत इंग्रजांना वेढलं, तो इथे. सिद्दींच्या गलबतांनी किनाऱ्यावरची माणसं धरून गुलाम म्हणून विकली, हेही खरं आहे. स्वतः गुलामीतून वर आलेल्यांनी ते केलं, हे मला त्यांच्या इतिहासातलं सगळ्यात कडू पान वाटतं. भाचा दाराशी घुटमळला. “मामू, फातेहा पढायचा का?” मी आत गेलो. थोड्या वेळाने तोही आला आणि त्याने हात उचलले.

राजवाडा शेवटी बघितला. तो बेटावर नाही, मुरुडच्या किनाऱ्यालगत उंचावर आहे. खाजगी आहे, आत सोडत नाहीत. रस्त्यावरून कमानी, घुमट, सज्जे दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नवाब सिदी अहमदखान यांनी तो बांधला. दिवसाउजेडी त्यात भीतीचं काहीच नाही. समुद्राचा वारा खात उभं असलेलं, रंग उडालेलं एक मोठं घर.

या घरात नाझली रफिया बेगम राहायच्या. मुंबईच्या फैजी घराण्यातली मुलगी, बद्रुद्दीन तय्यबजींच्या नात्यातली. लग्न होऊन जंजिऱ्याची बेगम झाली. १९०८मध्ये त्या नवाबांबरोबर युरोपला गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिलं, ‘सैर-ए-यूरोप’. बहीण अतिया फैजी १९०६मध्येच शिकायला लंडनला गेली होती. मौलाना शिबली नोमानी जंजिऱ्याला पाहुणे होऊन राहून गेले. इकबाल आणि अतिया यांच्या पत्रव्यवहारातही जंजिरा येतो. मुसलमान बायका पडद्याबाहेर पाहत, लिहीत होत्या, त्या काळातलं हे घर. पण बेगमला मूल झालं नाही. नवाबांनी दुसरं लग्न केलं आणि नाझली बेगम मुंबईला निघून गेल्या. १९४८मध्ये संस्थान विलीन झालं. त्याआधी मोहन धारियांसारखे तरुण इथल्या प्रजेच्या लढ्यात उतरले होते. मग काही वर्षांनी कॅमेरे आले आणि लाकडी दारं करकरायला लागली. रामसेंना दोष देत नाही. त्यांना भाड्याने जुनं घर हवं होतं, मिळालं. मला राग येतो तो माझाच. त्या घराला मी इतकी वर्षं घाबरलो आणि तिथे कोण राहत होतं हे कधी विचारलं नाही.

फाटकाशी थोडा वेळ रेंगाळलो तर राखणदार जवळ आला. “शूटिंगवाले का?” त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर परत खुर्चीत जाऊन बसला.

रात्री मुरुडच्या खानावळीत भाच्याने मोबाइलवर ‘पुराना मंदिर’ लावला. मारामाऱ्या, गाणी पुढे ढकलत फक्त हवेली बघत होता. एका जिन्यापाशी त्याने चित्र थांबवलं.

“मामू, नाझली बेगम कुठल्या खोलीत बसून लिहीत असतील?”

मी मोबाइल हातात घेतला. जिन्याच्या वर एक खिडकी दिसत होती. बाकी सगळा अंधार.