नवे शुल्क आणि वापरणाऱ्यांचा रोष : ‘मूव्हेबल टाइप’ प्रकरण, २००४

कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहे. येथून वर चढणारी वाट दाजीपूर व राधानगरीवरून कोल्हापुरास जाते. खाली ती देवगड बंदराच्या दिशेने उतरते. मोटारी येण्यापूर्वी बैलांचे तांडे कोकणातील मीठ, नारळ व सुकी मासळी घाटांनी वर नेत आणि देशावरील धान्य व गूळ खाली आणीत. अशा वाटांवर जकात द्यावी लागे. जकात जड झाली की व्यापारी कुरकुर करी. परंतु उत्तरेस गगनबावड्याकडील घाट व दक्षिणेस आंबोलीकडील वाटा त्याला मोकळ्या होत्या. तांडा वळविणे हेच त्याचे गाऱ्हाणे मांडणे होते.

मिठावरील कराची गोष्ट निराळी. मुंबई इलाख्यात अंतर्गत जकाती उठविताना सरकारने त्यांची भरपाई मिठावर कर बसवून केली, आणि १८४४ साली हा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेण्याचे ठरविले. मिठाला दुसरी वाट नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरतेस लोक रस्त्यावर आले, दंगल झाली, आणि सरकारला बारा आण्यांवर यावे लागले. शुल्क देणाऱ्याला अन्य मार्ग आहे की नाही, या एका गोष्टीवर त्याच्या प्रतिकाराचे स्वरूप पुष्कळसे अवलंबून असते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीचे एक प्रकरण, जे वरवर पाहता घाटवाटांपासून फार दूरचे आहे, या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

‘मूव्हेबल टाइप’ हे अनुदिनी, म्हणजे प्रचलित भाषेत ब्लॉग, चालविण्याचे सॉफ्टवेअर. सॅन फ्रान्सिस्को येथील बेन ट्रॉट व मीना ट्रॉट या दांपत्याने ते ऑक्टोबर २००१ मध्ये प्रसिद्ध केले. दोघांच्या जन्मदिवसांत सहा दिवसांचे अंतर, म्हणून त्यांच्या कंपनीचे नाव ‘सिक्स अपार्ट’. व्यक्तिगत वापरास मूल्य नव्हते; ज्याला वाटेल त्याने देणगी द्यावी, अशी विनंती मात्र होती. व्यापारी वापरास शुल्क होते. अडीच वर्षांत हे साधन अनुदिनीकारांत फार लोकप्रिय झाले. एका लेखकाने दुसऱ्याच्या लेखाचा उल्लेख केला असता त्याची वर्दी आपोआप पोचविणारी ‘ट्रॅकबॅक’ ही सोय याच सॉफ्टवेअरमधून २००२ साली निघाली. याहून महत्त्वाचे हे की वापरणाऱ्यांनी स्वतः त्याला जोडण्या लिहिल्या, नवशिक्यांना ते बसवून दिले, अडचणी आल्या तेव्हा परस्परांना उत्तरे दिली. कायद्याने वस्तू ट्रॉट दांपत्याची होती. तिच्याभोवतीच्या श्रमांचा मोठा वाटा मात्र इतरांचा होता, आणि त्याचा हिशोब कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता.

१३ मे २००४ रोजी तिसऱ्या आवृत्तीची घोषणा झाली. विनामूल्य प्रत एक लेखक व तीन अनुदिन्या एवढ्यापुरती मर्यादित करण्यात आली. त्यापुढे व्यक्तिगत वापरासही ६९.९५ डॉलरपासून चढत्या दरांची श्रेणी लावण्यात आली. रोष तत्काळ उसळला. ज्या ट्रॅकबॅकने कंपनीचे नाव झाले, त्याच सोयीने निषेधाचे शेकडो लेख घोषणेच्या पानाखाली येऊन लागले. हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

हा रोष केवळ पैशाचा होता असे मानणे बरोबर नव्हे. पुष्कळांचा आक्षेप मोजणीला होता. एकाच ठिकाणी बसविलेल्या सॉफ्टवेअरवर एखादा मनुष्य आपल्याबरोबर पत्नीची, भावाची, चार मित्रांची अनुदिनी चालवीत असे. आजवर ही आतिथ्याची गोष्ट होती. नव्या दरपत्रकाने तिचीच किंमत माणसागणिक लावली. त्यात नव्या आवृत्तीत डोळ्यांत भरावे असे फारसे काही नव्हते. वाचकांच्या प्रतिक्रियांसाठी नावनोंदणीची सोय हेच तिचे मुख्य वैशिष्ट्य होते.

कंपनीची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. दोघांनी घरी चालविलेला उद्योग २००३ मध्ये बाहेरचे भांडवल घेऊन वाढला होता. नोकरांचे वेतन देणग्यांवर भागत नाही. जुनी आवृत्ती जुन्याच अटींवर वापरण्यास कोणाला मनाई केलेली नव्हती. फुकट मिळाले म्हणून ते पुढेही फुकटच मिळावे, असा हक्क कोणत्याही न्यायशास्त्रात सापडत नाही. तथापि परिपाठ हाही एक प्रकारचा करार असतो, आणि तो एका सकाळी मोडला गेला, ही भावना खोटी नव्हती. काही दिवसांतच कंपनीने अटींचा खुलासा केला व काही अटी सैलही केल्या. पण तोवर तांडे वळू लागले होते.

दुसऱ्या दिवशी, १४ मे रोजी, मार्क पिलग्रिम या प्रोग्रामरने ‘फ्रीडम झीरो’ या शीर्षकाचा लेख लिहिला. शीर्षक रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअरविषयक व्याख्येतील आहे : कोणत्याही हेतूने प्रोग्रॅम चालविण्याचे स्वातंत्र्य, हे त्यांतील शून्यावे. नव्या दराने आपल्याला जे ५३५ डॉलर द्यावे लागले असते ते त्यांनी ‘वर्डप्रेस’च्या कर्त्यांना देणगी म्हणून दिले. जो मनुष्य तेवढीच रक्कम दुसऱ्यास स्वखुशीने देतो, त्याची तक्रार पैशाची नाही हे उघड आहे. त्याचा मुद्दा असा होता की मूल्य न घेणे आणि मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आज मूल्य न घेणारा मालक उद्या घेऊ शकतो.

वर्डप्रेसची परवानगी मुळातच अशी होती की तिच्यावर पुढे कोणालाही नाका बसविता येऊ नये. मिशेल वाल्द्रिगी यांनी लिहिलेले ‘बी-टू’ हे सॉफ्टवेअर बेवारस पडल्यावर ह्यूस्टनचा विद्यार्थी मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी ते हाती घेतले व २७ मे २००३ रोजी नव्या नावाने प्रसिद्ध केले. मूळ लेखन सार्वजनिक परवान्याखाली असल्यामुळेच ते उचलता आले. त्याची १.२ ही आवृत्ती २२ मे २००४ रोजी, म्हणजे वादळानंतर अवघ्या नऊ दिवसांनी निघाली.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. त्या एका आठवड्यात सारे जग उठून गेले, अशी कथा पुढे रूढ झाली, ती अतिशयोक्त आहे. मूव्हेबल टाइप नंतरही अनेक वर्षे मोठ्या प्रकाशनसंस्था वापरीत होत्या. शिवाय ते बसविणे किचकट होते, आणि प्रत्येक बदलानंतर पाने नव्याने रचण्यास वेळ लागे. वर्डप्रेसला हा त्रास नव्हता. शुल्काने निघून जाण्याचे निमित्त दिले. निघून जाणे सोपे होते म्हणून ते घडले.

कोल्हापूरच्या टोलप्रकरणात नेमके हेच नव्हते. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीकडून बांधून घेण्यात आले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली. फोंडाघाटाहून राधानगरीमार्गे येणाऱ्या गाडीवानाला, किंबहुना खुद्द कोल्हापूरकरालाही, आपल्याच गावात शिरण्यास दुसरी वाट नव्हती. तेव्हा तेथे वळणे नाही, उठणे झाले. एन. डी. पाटील व गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध नेते अग्रभागी होते. जानेवारी २०१४ मध्ये नाके जाळले गेले. न्यायालयांत वसुली कधी थांबली, कधी सुरू झाली. आणि अखेरीस २०१६ च्या आरंभी टोल रद्द झाला. पानसरे तो दिवस पाहावयास नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली होती.

सिक्स अपार्टला कोणी नाके जाळून दाखविले नाहीत, म्हणून कदाचित तिला आपली हानी उशिरा कळली. डिसेंबर २००७ मध्ये तिने मूव्हेबल टाइपची एक आवृत्ती वर्डप्रेसच्याच जातीच्या सार्वजनिक परवान्याखाली मुक्त केली. तोवर जोडण्या लिहिणारे हात दुसरीकडे गुंतलेले होते. २०१० मध्ये कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, पुढल्या वर्षी नाव व सॉफ्टवेअर जपानी मालकीकडे गेले, आणि २०१३ च्या सहाव्या आवृत्तीपासून मुक्त परवाना पुन्हा मागे घेण्यात आला. या वेळी मात्र फारसा कोणी ओरडला नाही.