दोन ऑफिस, मध्ये दोन किलोमीटर हवा: लांब पल्ल्याची वायरलेस लिंक कशी जोडतात?

घरातला वाय-फाय राऊटर दोन भिंती पार करताना दमतो. मग त्याच लहरी दोन किलोमीटर लांबच्या इमारतीपर्यंत कशा पोहोचतात? राऊटर ट्यूबलाइटसारखा सगळीकडे उजेड पाडतो; डिश अँटेना तोच उजेड टॉर्चसारखा एकाच दिशेला फेकतो. 2007 साली एरमानो पिएत्रोसेमोली यांच्या टीमने व्हेनेझुएलात डोंगरावरून डोंगरावर वाय-फायची तब्बल 382 किलोमीटरची लिंक चालवून दाखवली होती. शहरात मात्र दोन किलोमीटरसुद्धा घाम काढतात.

आमच्या कंपनीचं एक ऑफिस भोसरी एमआयडीसीत आहे आणि दुसरं तिथून सरळ रेषेत 2 किलोमीटरवर. सर्व्हर एकीकडे, टेस्टिंगची टीम दुसरीकडे. मधला रस्ता कुणीतरी खोदायचं, फायबर तुटायचं आणि वीस माणसं हातावर हात ठेवून बसायची. स्वतःची केबल टाकायची तर रस्ता ओलांडायची परवानगी लागते. म्हणून छतावरून छतावर लिंक टाकायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

समोरची इमारत दिसते, एवढं पुरत नाही

छतावरून समोरचं छत दिसलं की बहुतेक लोक खूश होतात. पण लहरी दोऱ्यासारख्या सरळ जात नाहीत. त्यांना मध्यावर फुगलेली, कोहळ्याच्या आकाराची मोकळी जागा लागते. तिला फ्रेनेल झोन म्हणतात. 5.8 गिगाहर्ट्झवर 2 किलोमीटरच्या लिंकसाठी मध्यावर या झोनची त्रिज्या साधारण 5 मीटर येते आणि त्यातली निदान 60 टक्के, म्हणजे 3 मीटर, मोकळी असावी लागते. वरून, खालून, बाजूंनीही. एखादी पाण्याची टाकी नजरेच्या रेषेखाली दीड मीटरवर असेल तर समोरचं छत स्वच्छ दिसेल, पण सिग्नल मार खाईल.

झाडांचं तर विचारूच नका. मार्चमध्ये पानगळ झालेल्या पिंपळातून पलीकडचं सगळं दिसतं. जूनमध्ये तोच पिंपळ ओल्या पानांनी गच्च भरतो आणि ओली पानं सिग्नल गिळतात. लोक दोष पावसाला देतात. खरं तर 5 गिगाहर्ट्झवर दोन किलोमीटरमध्ये नुसत्या पावसाने फारसं बिघडत नाही. 60 गिगाहर्ट्झचं प्रकरण वेगळं आहे: तिथे हवेतला ऑक्सिजनच दर किलोमीटरला सुमारे 15 डेसिबल खातो आणि जोरदार सर त्यावर कडी करते. वेग भन्नाट मिळतो, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात मी तो पर्याय काहीशे मीटरपुरताच ठेवेन.

छतावर चढण्याआधी एक आकडा काढा

माझ्या मते सगळ्या कामात ही पायरी सर्वात महत्त्वाची, आणि हीच सर्रास वगळली जाते. 5.8 गिगाहर्ट्झवर 2 किलोमीटर मोकळ्या हवेत सिग्नल सुमारे 114 डेसिबलने घटतो. रेडिओची पॉवर 13 डीबीएम ठेवली आणि डिशचा गेन 23 डीबीआय असला तर बाहेर पडतात 36. त्यातून 114 वजा केले, समोरच्या डिशचे 23 मिळवले, की उत्तर येतं उणे 55 डीबीएम. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा.

कारण डिशच्या मुख्य झोताच्या आजूबाजूला छोटे, कमजोर झोतही असतात. डिश फिरवताना तुम्ही त्यातल्या एखाद्यावर अडकलात तरी लिंक जुळते, हिरवे दिवे लागतात, वेबपेजही उघडतं. आमच्याकडे आलेला इन्स्टॉलर उणे 73 वरच नट आवळायला निघाला होता. ‘चालतंय की, सर!’ खिशात 55 लिहिलेलं होतं म्हणून मी त्याला थांबवलं. 18 डेसिबलचा फरक म्हणजे सिग्नल साठपटीहून कमी. अशी लिंक आज चालते आणि शेजारी कुणी नवा रेडिओ लावला की गळपटते.

जुळवणी दोघांनी फोनवर बोलत करायची. एका वेळी एकच डिश हलवायची, आधी आडवी, मग उभी. सिग्नल वाढून कमी होऊ लागेपर्यंत पुढे जायचं आणि मग सर्वोच्च बिंदूवर परत यायचं. दिशेचा अंदाज फोनमधल्या कंपासवरून घेता येतो, फक्त लोखंडी खांबापासून चार पावलं लांब उभं राहा. रेडिओ दोन चेनचे सिग्नल वेगवेगळे दाखवत असेल आणि त्यांत बरीच तफावत असेल, तर अजून काम बाकी आहे.

सेटिंगमध्ये एक बाजू ॲक्सेस पॉइंट, दुसरी स्टेशन. अंतराच्या रकान्यात खरं अंतर भरा. साधा वाय-फाय पोचपावतीची वाट अगदी थोडा वेळ बघतो. 2 किलोमीटर जाऊन यायला लहरीला सुमारे 13 मायक्रोसेकंद लागतात. पावती उशिरा आली की पाकीट हरवलं असं समजून तो तेच पुन्हा पाठवतो आणि वेग कोसळतो. देशाच्या जागी भारत निवडा. 2018 पासून 5 गिगाहर्ट्झचे ठरावीक पट्टे पॉवरची मर्यादा पाळून परवान्याशिवाय वापरता येतात. त्यातल्या काही चॅनलवर रडारचा हक्क पहिला आहे. रडार जाणवलं की रेडिओ चॅनल सोडतो आणि लिंक थोडा वेळ जाते. 5.8 च्या पट्ट्यात ही कटकट नाही, गर्दी मात्र असते.

केबल बाहेर वापरायची, शील्ड असलेलीच घ्या. रेडिओपासून स्विचपर्यंत 100 मीटरच्या आत. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि खांबाला अर्थिंग हवंच. वीज डिशवर पडावीच लागते असं नाही, जवळपास पडली तरी केबलमधून स्विच जळू शकतो.

आमच्या लिंकवर उणे 56 मिळाले. आता शेजारचे गाळेवाले विचारतात, ‘आम्हालाही द्या की इंटरनेट, पैसे देतो.’ ते जमणार नाही. दोन ऑफिसांत स्वतःचा डेटा नेणं वेगळं. पैसे घेऊन इंटरनेट पुरवायला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो.