राष्ट्रवादी कॅल्हून प्रदेशवादी कसा झाला?

मागच्या वेळी आपण न्यू ऑर्लिन्सच्या लढाईपाशी थांबलो होतो. जानेवारी १८१५. ब्रिटनशी तह डिसेंबरातच झालेला, पण बातमी अजून समुद्रातच होती. जॅक्सनने लढाई जिंकली आणि देशभर राष्ट्राभिमानाची लाट आली. केंद्राविरुद्धच्या तक्रारी घेऊन हार्टफर्डला जमलेले न्यू इंग्लंडचे फेडरलिस्ट त्या लाटेत वाहून गेले. म्हणजे बघा, तेव्हा प्रदेशवादी होते ते उत्तरेतले!

आणि राष्ट्रवादी कोण? दक्षिण कॅरोलिनाचा तरुण प्रतिनिधी, जॉन कॅल्हून. १८१६ मध्ये राष्ट्रीय बँक उभी राहिली, आयातीवर संरक्षक जकात बसली. दोन्हींच्या पाठीशी तो होता. बँकेकडून सरकारला मिळणारा पैसा रस्ते आणि कालव्यांवर खर्च करावा, असं विधेयकही त्याने आणलं. राज्यघटनेत असा अधिकार नाही, म्हणून अध्यक्ष मॅडिसन यांनी ते १८१७ मध्ये परत पाठवलं.

याच कॅल्हूनने १८२८ मध्ये, उपाध्यक्षपदावर असताना, नाव न लावता एक मसुदा लिहिला : केंद्राचा कायदा घटनाबाह्य वाटला, तर राज्याला तो आपल्या हद्दीत रद्द ठरवता येतो. बारा वर्षांत माणूस इतका कसा बदलला?

पहिलं कारण हिशेबाचं. दक्षिण कॅरोलिना कापूस ब्रिटनला विकायची आणि कारखान्यातला माल विकत घ्यायची. १८१९ च्या मंदीत कापसाचा भाव कोसळला, जकात मात्र वाढत गेली. फायदा उत्तरेच्या गिरण्यांना, भुर्दंड आपल्याला, अशी तिथल्या मळेवाल्यांची भावना झाली.

पण खरं कारण याहून खोल आहे. १८१९ मध्येच मिसुरीला राज्य करण्याचा प्रश्न आला. तिथे नवे गुलाम आणू नयेत, अशी अट न्यूयॉर्कच्या टॉलमज यांनी मांडली. तेव्हा गुलामीची ११ आणि गुलामीविना ११ राज्यं अशी बरोबरी होऊ घातली होती. १८२० मध्ये तडजोड झाली : मिसुरी गुलामीसह, मेन गुलामीविना, आणि लुईझियाना खरेदीच्या उरलेल्या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला गुलामीला बंदी. दक्षिणेच्या लक्षात आलं, की जे केंद्र रस्ते बांधू शकतं, ते उद्या गुलामीलाही हात घालू शकतं. जकात हे निमित्त आहे, मूळ कारण नव्हे, हे कॅल्हूनने १८३० मध्ये एका खाजगी पत्रात स्वतःच कबूल केलंय.

१८३२ मध्ये दक्षिण कॅरोलिनाने जकात कायदे खरोखरच रद्द ठरवले. जॅक्सन आता अध्यक्ष होते; त्यांनी सैन्याची धमकी दिली. १८३३ मध्ये क्ले यांनी जकात उतरवण्याची तडजोड घडवली, आणि वेळ टळली.

आपण राष्ट्रवाद आणि प्रदेशवाद असे दोन कप्पे पाडतो. इथे माणूस एकच, आणि तो जपत होता ती मळेवाल्यांची व्यवस्थाही तीच. केंद्राकडून तिला धोका दिसेपर्यंत तो राष्ट्रवादी होता, एवढंच. आणि १८२० च्या जनगणनेतले पंधरा लाखांवर गुलाम? या सगळ्या वादात त्यांना मत नव्हतं. पण प्रतिनिधिगृहातल्या जागा मोजताना त्यांच्यातले पाचापैकी तीन धरले जायचे, आणि त्या जागा मिळायच्या त्यांच्या मालकांच्या राज्यांना. तडजोडी झाल्या त्या अशा गणितावर, म्हणून त्या टिकल्या नाहीत.