मूसा राम आणि त्याचे इंग्रज शेजारी

हैदराबादेत मेट्रोचे एक स्थानक मूसारामबाग या नावाचे आहे. हा मूसा राम कोण? निजाम अलीचा फ्रेंच सेनापती मिशेल रेमों. फ्रेंचांच्या ‘मस्य’चा येथे मूसा झाला, मुसलमान शिपाई त्यास मूसा रहीम म्हणत व हिंदू मूसा राम, असे सांगतात. १७९५ साली खर्ड्याच्या रणांगणावर आपल्या मराठ्यांविरुद्ध तो लढला, हेही विसरता येत नाही.

त्याच दरबारात इंग्रज रेसिडेंटही राहत असे. दोन परके एकाच नगरीत, आणि दोघांनाही धास्ती एकमेकांचीच! रेमोंची कवायती फौज सुमारे चौदा हजारांची. तिच्या सावलीत इंग्रजांना निवांत झोप कशी यावी?

२५ मार्च १७९८ रोजी रेमों वारला. १ सप्टेंबरच्या तहाने निजामाने फ्रेंचांना निरोप देण्याचे कबूल केले. थकलेल्या पगारासाठी शिपायांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना अटकेत टाकले आणि २२ ऑक्टोबरला कर्कपॅट्रिक व माल्कम यांनी रक्तपात न होता त्या फौजेची शस्त्रे उतरवून घेतली.

मग इंग्रज निर्धास्तपणे वसले, ते मात्र हुसेनसागरापलीकडे, आपल्या स्वतंत्र छावणीत. तिलाच १८०६ साली सिकंदर जाहचे नाव मिळाले. बंगले, कवायतीचे मैदान, १८१३ चे सेंट जॉन्स चर्च, सारे आपले आपल्यापुरते. कर्कपॅट्रिक तेवढा निराळा: हैदराबादच्या खैरुन्निसेशी त्याने विवाह केला आणि मोगली पेहरावात तो वावरे. त्याबद्दल स्वकीयांकडून त्याला चौकशी सोसावी लागली.

रेमोंची कबर मात्र टेकडीवर, काळ्या दगडी स्तंभाशेजारी, जुन्या नगरीच्याच बाजूला आहे.