सहकारी वीज आणि संचालकाचे कर्तव्य
भंडारा जिल्ह्यात आमच्या कोहळी पूर्वजांनी तलाव बांधले. त्यांच्या पाण्याची पाळी गावाने मिळून सांभाळली. विजेचाही असाच सहकारी प्रयोग पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात झाला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाल्यावर देशात ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रथम निघाल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही एक होय. संस्था घाऊक वीज विकत घेई व सभासदांस पुरवी. पुढे घेतलेल्या विजेची थकबाकी फार वाढली आणि २०११ साली परवाना संपताच वितरण महावितरणकडे गेले.

संचालकपद मानाचे खरे. परंतु आप्तेष्टांच्या दारीही बिलाची रक्कम मागण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असेल, त्यानेच ते स्वीकारावे, असे समाजातील तरुणांस आमचे सांगणे आहे.